राजदूत ३५० पुन्हा उभी करताना : मानेवाड्याच्या पोर्चमधल्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

मामांची आरडी, म्हणजे राजदूत ३५० मोटरसायकल, अखेर घरी आली. कामठीहून नागपुरातल्या मानेवाड्यापर्यंत छोट्या टेम्पोचे १,२०० रुपये लागले, आणि उतरवताना मागचा इंडिकेटर मोडला तो वेगळा. सोळा वर्षं गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. टाकीवर कोंबड्या बसायच्या. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर निघालं, त्यात लग्नपत्रिकेचे बारीक तुकडे. पत्रिका माझ्याच लग्नाची होती.

मामा फाटकापर्यंत आले. "ने बाप्पा, पण विकजो नको," एवढंच म्हणाले.

किक जागची हलत नाही. साइड पॅनलवर 'एचटी'चं, म्हणजे या गाडीच्या आधीच्या जास्त ताकदीच्या मॉडेलचं स्टिकर, आरसी बुकात साल १९८७. या दोन गोष्टींचं आपसात जमत नाही हे आज माझ्या लक्षात आलं नाही. पुढे याचे पैसे भरले. दोन्ही प्लग काढून भोकांतून अर्धा अर्धा कप डिझेल ओतलं आणि वरून फडकी कोंबली. ज्यांच्या घरी अशी गाडी पडून आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे, त्यामुळे खर्च आणि मूर्खपणा दोन्ही लपवणार नाही.

२४ नोव्हेंबर

आठ दिवस डिझेल पाजूनही किक ढिम्म. हेड काढलं. उजवा सिलिंडर बरा, डाव्यात गंजाचं कडं आणि पिस्टन अर्ध्यावर चिकटलेला. कव्हरचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने काढायला गेलो तर चारांची डोकी गोल झाली. मग ६५० रुपयांचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला आणि उरलेले सगळे दोन-दोन ठोक्यांत सुटले. हा ड्रायव्हर पहिल्या दिवशीच घ्या.

डावी बॅरल निघेना म्हणून लाकडाची गुट्टी लावून हातोडीने ठोकली. तिसऱ्या ठोक्याला गुट्टी सरकली आणि एक फिन, म्हणजे बाहेरची थंड करणारी पाकळी, तुटली. बॅरल अॅल्युमिनियमची आणि आत बिडाचा लायनर, त्यामुळे फिन वेल्डिंगने परत लागते, पण ठिगळ दिसतंच. ५०० रुपये. शेवटी बॅरल निघाली ती बाहेरून हेअर ड्रायरने तापवून आणि गरम असतानाच फिरवत फिरवत. बायकोला ड्रायर नवा घेऊन दिला, तो या हिशेबात धरलेला नाही.

८ डिसेंबर

सक्करदऱ्याच्या उस्तादांकडे दोन्ही बॅरल पोत्यात घालून नेल्या. उस्ताद आता सत्तरीच्या पुढे, दुकान मुलगा पाहतो, पण आरडी म्हटलं की स्वतः उठतात. बॅरल उलटी धरून एक्झॉस्टच्या भोकातून उजेडाकडे पाहिलं.

"कोन म्हनते हे एचटी आहे?"

मी स्टिकरचं सांगितलं. "स्टिकर पन्नास पैशात भेटत होतं तवा," म्हणाले. कोपऱ्यातून एक जुनी एचटीची बॅरल काढून माझ्या शेजारी ठेवली. दोन्हींच्या पोर्टची, म्हणजे भिंतीतल्या भोकांची, मापं वेगळी, व्हर्निअर लावायचीही गरज पडली नाही.

तेव्हा प्रकरण असं आहे. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाची आरडी ३५० 'राजदूत ३५०' या नावाने काढली. आधीची ती एचटी म्हणजे हाय टॉर्क, ६,७५० आरपीएमला ३०.५ बीएचपी. ही पेट्रोल फार पिते अशी ओरड झाली, म्हणून नंतर एलटी म्हणजे लो टॉर्क आली : ६,५०० ला २७ बीएचपी. मूळ जपानी आरडी ७,५०० ला ३९ देत होती. म्हणजे आपल्याकडे येतानाच तिला लगाम घातला होता, एलटीला तो आणखी एक मूठ आवळला. माझी एलटी. मामांनी वीस वर्षं एचटी म्हणून मिरवली ती.

फरक फक्त मिरवण्याचा नाही. कार्बोरेटरचे जेट, सायलेन्सर, पोर्ट, टायमिंगचा स्वभाव, सगळं त्यावर ठरतं. मी एचटीसाठी म्हणून कोणाकडून तरी मोठे मेन जेट आणून ठेवले होते, ते डब्यात गेले.

१० डिसेंबर

पिस्टन मागवले. नागपुरात घाट रोडपासून इतवारीपर्यंत पाच-सहा दुकानं फिरलो, सगळीकडे उत्तर एकच, "आता कुठं भेटते भाऊ." मग रात्री बसून परदेशातल्या एका विक्रेत्याकडे सापडले : यामाहा ३५० ट्विन, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५४ मिमी. माझ्या इंजिनाची तीच मापं. ०.५० ओव्हरसाइझची जोडी, रिंगा आणि पिनांसह ९,८०० रुपये. आनंदात ऑर्डर केली.

२२ डिसेंबर

पार्सल अजून कस्टममध्ये. मधला आठवडा विधिमंडळाच्या अधिवेशनाचा, बर्डीकडे जायची सोय नव्हती, वर्धा रोड जागोजागी अडवलेला. तेवढ्यात घरी बसून दोन्ही कार्बोरेटर उघडले. फ्लोटच्या वाटीत पेट्रोलाचा गूळ झालेला होता, काकवीसारखा. पायलट जेटचं भोक मोकळं करायला तार घातली. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि मग गाडी आयडलला का थांबत नाही म्हणून महिनाभर डोकं खाजवत बसावं लागतं. दोन्हींचं किट २,४००.

५ जानेवारी २०२५

पार्सल आलं. वर ३,९०० ड्युटी. पोरीने डबा उघडला, पिस्टन चकचकीत, खण्णकन वाजणारे. जुना पिस्टन शेजारी ठेवला आणि पोटात गोळा आला.

जुन्या पिस्टनच्या मागच्या बाजूला, जिथून पेट्रोल-हवा आत येते तिकडच्या स्कर्टमध्ये, म्हणजे खालच्या घेरात, दोन खिडक्या आहेत. बोट जाईल एवढ्या, कडा गोलसर घासलेल्या, एकीच्या कडेला काळ्या कार्बनची रेघ. नव्याचा स्कर्ट सपाट. खिडकीच नाही. पिन बसते, रिंगा बसतात, व्यास जुळतो. पोरगी म्हणाली, "बाबा, याला खिडकी काहून नाही?" तिला दिसलं ते मला ऑर्डर करताना दिसलं नाही.

उस्तादांना फोटो पाठवला. फोन आला, "हे आर-फाइव्हचे हायेत. आरडीच्या आधीची पोरगी ते."

विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. त्याचंही खरं होतं, त्याने यादीत मॉडेल खाली लिहिलेलं होतं, मी फक्त मापं वाचली. १३,७०० रुपये पाण्यात.

१४ जानेवारी, संक्रांत

गच्चीवर सगळे पतंगात. मी पोर्चच्या भिंतीवर खडूने आरडीचं खानदान काढत बसलो, कारण आता पार्ट घ्यायचा तर आधी तो कोणत्या भावंडाचा ते कळायला हवं.

सगळ्यात वर १९६७ ची वायआर-वन, ३४८ सीसी. तिचा स्ट्रोक लांब, जवळजवळ बोअरएवढा. मग १९७० ची आर-फाइव्ह. हिने बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४ केला, ३४७ सीसी, आणि पुढे कितीतरी वर्षं घराण्यात हीच मापं चालली. पण गिअर पाचच, आणि आत येण्याची वाट पिस्टनच उघड-बंद करायचा. म्हणून स्कर्ट सपाट. १९७३ ला यामाहाने त्या वाटेत रीड बसवली, म्हणजे स्टीलच्या पातळ पात्या : आत जाऊ देतात, परत येऊ देत नाहीत. पात्या पहारा करायला लागल्यावर पिस्टनने वाट अडवायचं काम संपलं, म्हणून त्याला खिडक्या पाडल्या, म्हणजे पिस्टन खाली आला तरी मिश्रण आत शिरत राहतं. गिअर सहा झाले. नाव झालं आरडी ३५०. त्याच सालची टीझेड ३५० ही रेसची गाडी, तिचाही बोअर-स्ट्रोक ६४ बाय ५४, फक्त पाण्याने थंड होणारी.

माझ्या १३,७०० रुपयांचा फरक या १९७० आणि १९७३ च्या मधल्या एका रेघेत आहे. खडूने तिथे लाल गोल केला.

खाली : १९७६ ची आरडी ४००, बोअर तोच ६४, स्ट्रोक वाढवून ६२. अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले आणि १९७९ नंतर ती शाखा तिथे थांबली. १९८० ला आरडी ३५० एलसी, परत ६४ बाय ५४, पण पाण्याने थंड होणारी, ४७ बीएचपी. आणि १९८३ ला वायपीव्हीएस.

इथे जरा थांबलो. वायपीव्हीएसमध्ये एक्झॉस्ट पोर्टच्या तोंडाशी फिरती झडप असते, छोटी मोटर ती फिरवते. कमी आरपीएमला पोर्ट खाली, जास्त आरपीएमला वर. म्हणजे खालची ओढ आणि वरची धाव एकाच इंजिनात. आणि बरोबर त्याच साली आपल्याकडे दहा वर्षांपूर्वीची हवाथंड आरडी आली. पुढे ती पेट्रोल पिते म्हटल्यावर आपण काय केलं, तर दुसरी बॅरल ओतली आणि नाव एलटी ठेवलं. तिकडे झडप जे काम करत होती ते आपल्याकडे ग्राहकाने दुकानात उभं राहून करायचं : ही घेऊ की ती घेऊ. मला यात कोणाचा दोष वाटत नाही. १९८५ ला इथे हिरो होंडा आली, त्याच वर्षी एस्कॉर्ट्सचीच आरएक्स १०० आली. लिटरमागे किती जाते हाच प्रश्न होता. पण एलटीची बॅरल हातात घेतली की दोन देशांतलं अंतर पोर्टच्या कडेवर बोट फिरवून कळतं.

या घराण्याचं सगळ्यात लांबचं वंशज चारचाकी आहे. बॅन्शी नावाची वाळूत पळवायची क्वाड, १९८७ ला आली, इंजिन याच एलसी घराण्यातलं. तिच्या रीडचा डबा आपल्या आरडीला बसतो. खिडकीवाला पिस्टन शोधताना ही एक कामाची गोष्ट हाती लागली, म्हणून लिहून ठेवतो.

"वर ये ना बाबा, मांजा संपला," गच्चीवरून हाक. गेलो.

९ फेब्रुवारी

पुण्याच्या एका जुन्या स्टॉकवाल्याकडे खरे आरडीचे पिस्टन मिळाले, ०.५० चेच. ११,५०० रुपये. या वेळी पैसे देण्याआधी स्कर्टचा फोटो मागून खिडक्या मोजल्या.

हिंगणा एमआयडीसीतल्या बोरिंगवाल्याने दोन्ही बॅरल १,६०० त बोअर-होन केल्या. त्याला पिस्टन हातात दिल्याशिवाय बोअर करू देऊ नका. ०.५० म्हणजे सगळे ०.५० सारखे नसतात. पिस्टन-बॅरलची फट दोन थाऊ, म्हणजे साधारण ०.०५ मिमी. पोर्टच्या कडा त्याने तशाच धारदार सोडल्या होत्या. त्या बारीक कानशीने मोडून घ्या, नाहीतर रिंग अडकते.

आता माझी दुसरी मोठी चूक. क्रँक हातात होता. कनेक्टिंग रॉड वरखाली ओढून पाहिला, खेळ लागला नाही. दोन्ही टोकांचे ऑइल सील दिसायला काळे, तुळतुळीत, ओठ शाबूत. उस्ताद म्हणाले, "बदलवून टाक." मी म्हटलं, चांगले तर दिसतात. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मला एप्रिलमध्ये कळला.

१६ मार्च

इंजिन बसलं. टायमिंगला अख्खा दिवस. दोन सिलिंडर, दोन पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते संपर्क), दोन्हींचं टायमिंग वेगवेगळं लावायचं. प्लगच्या भोकात डायल गेज, पिस्टन वरच्या टोकाच्या २.० मिमी आधी असताना पॉइंट सुटला पाहिजे. उस्तादांनी बिडीच्या बंडलावरचा पातळ कागद पॉइंटमध्ये अडकवून दिला. हलके ओढत राहायचं, रोटर हळू फिरवायचा, कागद ज्या क्षणी सुटतो तोच क्षण. बल्ब लावूनही होतं, पण कागदाने बोटांना कळतं. उजवा लावला की डाव्याची प्लेट थोडी हलते, म्हणून परत डावा, मग परत उजवा. चौथ्या फेरीला दोन्ही बसले. पॉइंट-कंडेन्सर १,८००, गॅस्केट सेट १,२००.

ऑइल पंप मागच्या मिस्त्रीने कधीच बंद करून टाकला होता. तूर्त टाकीतच लिटरला ५० मिली ऑइल.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली, बत्ताशे खाल्ले आणि किकला बसलो. सातव्या किकला डावा, नवव्याला दोन्ही. दोन सायलेन्सरांचा तो टणटण आवाज आणि निळा धूर. समोरच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडया उचलून आत नेल्या. मामांना फोनवर आवाज ऐकवला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही, मग म्हणाले, "चोक बंद कर आता."

एक गोष्ट टोचत होती. अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच रेंगाळतं. म्हटलं, आयडल स्क्रू जास्त असेल.

१३ एप्रिल

कोराडी रोडवर गाडीने पकडलं, म्हणजे पिस्टन बॅरलमध्ये जाम झाला. दुपारचे साडेचार, ऊन ४२ चं, पाचव्या गिअरमध्ये साधारण ७० चा वेग. आधी आवाज अचानक घट्ट झाला, जशी कोणी मान आवळावी, मग मागचं चाक चिर्रर्र करत घसरलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. टू-स्ट्रोक चालवताना दोन बोटं क्लचवर ठेवायची हे मामांनी लहानपणी शिकवलं होतं, ते हाताला आठवलं.

रस्त्याच्या कडेला रसवंतीवर बसलो. तिथल्या तीन जणांनी तीन निदानं केली आणि तिन्ही ऑइलची : ऑइल कमी टाकलं, ऑइल हलकं घेतलं, ऑइल नीट मिसळलं नाही. ऑइल बरोबर होतं. डावा प्लग काढला तर पांढराफटक, चुन्यासारखा. उजवा चॉकलेटी. एकाच टाकीतून, एकाच ऑइलवर दोन रंग. म्हणजे डाव्या बाजूला कुठूनतरी फुकटची हवा शिरते आहे.

२० एप्रिल

हवा कुठून शिरते हे शोधायचा सोपा उपाय : इंजिनाची सगळी तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि ती टिकते का पाहायचं. ६ पीएसआय पुरे, जास्त भरली तर चांगले सीलही उलटतात. एवढ्या कमी दाबाचा गेज कोणाकडे नाही. टायरवाल्याच्या गेजवर ६ म्हणजे काटा हललाही नाही.

आईचं बीपीचं मशीन आठवलं, काट्याचं. त्याचा शेवटचा आकडा ३०० आणि ३०० म्हणजे ५.८ पीएसआय. अगदी हवा तेवढाच. मशीनची नळी सायकल पंपाच्या नळीला टी जोडून लावली. एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी, कार्बोरेटरच्या रबरात सागवानी गुट्टी, वर क्लिप.

पहिल्यांदा फक्त डावी बाजू बंद केली. काटा झरझर खाली. सगळीकडे साबणाचं पाणी लावलं, कुठेच फुगा नाही. दुपारभर गॅस्केट, स्टड, हेड पाहत राहिलो. संध्याकाळी उस्तादांना फोन. ते हसले, "अरे बे, दोन्ही खोल्याच्या मंधात भिंत आहे, पन दार उघडं आहे." क्रँकच्या मधोमध जो सील आहे तो रबराचा नाही, खाचांचा आहे, लॅबिरिंथ. चालत्या इंजिनात तो पुरतो, पण स्थिर हवा त्यातून हळू पलीकडे जाते. म्हणजे हवा उजवीकडून बाहेर जात होती. दोन्ही बाजू एकदम बंद करायला हव्या होत्या. एक दिवस गेला.

दोन्ही बंद करून परत ३०० पर्यंत. काटा दहा सेकंदांत २०० वर. डावीकडचं कव्हर काढून रोटरच्या मागे साबणाचं पाणी सोडलं, आणि तिथे एकामागून एक बारीक फुगे, अळूच्या पानावरच्या थेंबांसारखे. डावा क्रँक सील.

डावाच का, हे कळल्यावर सोपं आहे. उजवा सील गिअर ऑइलमध्ये भिजलेला असतो, सोळा वर्षं तो मऊ राहिला. डावा जनरेटरच्या कोरड्या बाजूला. दिसायला तुळतुळीत, पण नखाने दाबला तर प्लास्टिकसारखा कडक. फेब्रुवारीत मी फक्त पाहिला होता, नख लावलं नव्हतं. अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन रेंगाळायचं तेही याच हवेमुळे. रेंगाळणं दिसलं की गाडी तिथेच थांबवा.

आईने मशीन परत मागितलं. आता त्याला पेट्रोलचा वास येतो, त्यामुळे तिचं बीपी दोन दिवस वाढलेलं होतं असं ती म्हणते.

४ मे

आता क्रँक पूर्ण. नवे सील, चारही मेन बेअरिंग, रॉड किट, प्रेसवर सुटा करून जोडणं आणि डायल गेजवर सरळ करणं : १४,२०० रुपये, बारा दिवस. फेब्रुवारीत सगळं उघडं असताना हे केलं असतं तर दुसरा गॅस्केट सेट (१,२००) आणि रिंगा (१,४००) वाचल्या असत्या.

डावी बॅरल परत बोअर करावी लागली नाही. लायनरवर पिस्टनचं अॅल्युमिनियम लिंपलेलं होतं, ते बाथरूम धुवायच्या अॅसिडने निघतं. काडीला कापूस गुंडाळून फक्त त्या डागावर. बुडबुडे येतात तोवर अॅल्युमिनियम शिल्लक आहे, बुडबुडे थांबले की खाली बीड लागलं, लगेच भरपूर पाण्याने धुवा. बॅरलचा बाहेरचा भागही अॅल्युमिनियमचाच आहे, थेंब पोर्टमध्ये उतरला तर तोही खाल्ला जातो. हातमोजे घाला आणि अंगणात करा. मग हलका होन. पिस्टनवरचे ओरखडे उथळ होते, ६०० च्या पेपरने घासले.

नव्या सीलवर बीपी मशीन (आईला न सांगता) : सहा मिनिटांत काटा ३०० वरून २९०.

१८ मे

ब्रेक. जपानी आरडीला पुढे डिस्क होती, आपल्याला ड्रम. आर-फाइव्हसारखा दोन लीडिंग शूंचा. हा बदनाम आहे, पण अर्धी बदनामी अॅडजस्टमेंटची आहे. दोन्ही शू एकाच वेळी टेकले पाहिजेत, त्यासाठी बाहेरच्या जोडदांड्याची लांबी लावायची असते. मी आधी फक्त केबल ताणत बसलो. लायनिंग ७०० त नवं बसवलं, दांडा सैल करून एकेक शू टेकवला, मग घट्ट केला. आता गाडी थांबते. डिस्कसारखी नाही, पण थांबते. टायर दोन ५,६००, बॅटरी १,५००.

ऑइल पंप परत सुरू केला. उस्तादांचं मत विरुद्ध आहे, ते टाकीतच मिसळा म्हणतात. पण गाडीबरोबर ऑइल कमी-जास्त करणारी ही व्यवस्था आरडीची खासियत आहे आणि ती बंद ठेवून चालवायची तर एवढा खटाटोप कशाला. पंपाचा कमीत कमी स्ट्रोक ०.२० ते ०.२५ मिमी लावला, नळ्यांतली हवा पूर्ण काढली. पहिल्या दोन टाक्यांना पंप चालू असूनही लिटरला २० मिली ऑइल टाकीत टाकतो आहे. धूर होतो, होऊ दे.

पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं. त्याने मिश्रण आणखी पातळ होतं, आणि नागपूरचा मे महिना. मेन जेट एक नंबर मोठा केला. दोन्ही प्लग आता सारखे चॉकलेटी.

८ जून

घाई नाही. तीनशे किलोमीटर, ६० च्या आत. तिसरा गिअर कधी कधी सुटतो, तो गिअरबॉक्सचा विषय, दिवाळीनंतर. एकूण हिशेब जुळवला : किरकोळ नटबोल्ट-ऑइल धरून ६१,००० च्या आसपास. त्यात निव्वळ चुकांचे १६,३००. खिडकी नसलेले पिस्टन शोकेसमध्ये ठेवले आहेत, पाहुणे विचारतात.

२२ जून

कालपासून पाऊस लागला. मधे उघडीप मिळाली तशी गाडी कामठीला नेली. मामा पायरीवरून उतरून आले, गुडघा दुखतो म्हणून मला वाटलं नुसते पाहतील. ते गाडीच्या मागे गेले, वाकले आणि दोन्ही सायलेन्सरांच्या मागे एकेक तळहात धरला. डोळे मिटले. चांगलं मिनिटभर.

"डावा कमी फुकून राहिला," म्हणाले.

कार्बोरेटरच्या दोन्ही स्लाइड पुन्हा पाहायच्या. डाव्या केबलचा नट अर्धा आटा.